मोर्तब, अंगठा आणि टिचकी : अपहृत संमतीचा इतिहास

१. विषयप्रवेश

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या विवाहास अवश्य यावे अशा आशयाचा मजकूर आणि सोबत लग्नपत्रिकेसारखी दिसणारी एक फाइल, एवढेच त्या निमंत्रणाचे स्वरूप होते. पत्रिका पाहण्याच्या हेतूने त्या फाइलवर टिचकी मारण्यात आली. ती फाइल पत्रिका नव्हती. अँड्रॉइड फोनमध्ये ठाण मांडणारी ती एक आज्ञावली होती. तिच्या योगे फोनमधील माहिती परक्या हाती गेली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये नाहीसे झाले.

हिंगोलीहून औंढा नागनाथ व जिंतूर या मार्गाने पश्चिमेस येणाऱ्यास पुढे मंठा लागते. मंठा आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तथापि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत मंठ्याचा परिसर परतूर तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्यात मोडत असे; आणि हिंगोलीही १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती. म्हणून एका गावी घडलेली ही घटना दुसऱ्या गावाच्या लोकव्यवहारालाही तितकीच लागू पडते. या प्रदेशात लग्नपत्रिका हा केवळ माहितीचा कागद नाही. समक्ष भेट घडली नाही तरी हेच निमंत्रण समजावे, अशी विनवणी पत्रिकेवर छापण्याचा प्रघात आहे. पत्रिका न उघडता बाजूस ठेवणे हा पाठविणाऱ्याचा अनादर समजला जातो. तेव्हा ती उघडणाऱ्याच्या कृतीमागे लोभ नव्हता, शिष्टाचार होता.

अशा घटनांचे स्पष्टीकरण देताना अज्ञान आणि लोभ ही दोन कारणे सामान्यतः पुढे केली जातात. ही कारणे सर्वस्वी खोटी नव्हेत. परंतु ती अपुरी आहेत. खूण करणाऱ्याचे ज्ञान आणि त्याची खूण यांची ताटातूट करण्याची विद्या संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. मोर्तब, अंगठा आणि टिचकी हे त्या विद्येच्या इतिहासातील तीन टप्पे होत. या तिन्ही टप्प्यांवर जे उपाय उपयोगी पडले ते खूण करणाऱ्याला केलेल्या उपदेशातून निघालेले नाहीत. कागदाची किंवा पृष्ठाची रचनाच बदलण्यातून ते निघालेले आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. मोर्तब

कागदावरील खूण ही माणसाच्या इच्छेची प्रतिनिधी होय, ही कल्पना ज्या दिवशी व्यवहारात रुजली त्याच दिवशी खूण खरी पण इच्छा निराळी, असा कागदही संभवनीय झाला. मराठेशाहीतील दफ्तराला या धोक्याची पुरेपूर जाणीव होती. शिवकालीन पत्रांच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि शेवटी मर्यादामुद्रा आढळते. आज्ञा येथे संपली, यापुढे जे लिहिलेले दिसेल ते आज्ञेचा भाग नव्हे, असा मर्यादामुद्रेचा अर्थ. ‘मोर्तब सुद’ ही पत्रान्तीची अक्षरे शिक्का उमटल्याची ग्वाही देतात. अनेक कागद एकास एक चिकटवून लांब पत्र केले असल्यास सांध्यांवर पाठीमागून शिक्के मारीत, म्हणजे मधला बंद काढून तेथे दुसरा घालण्याची सोय राहत नसे.

या सर्व योजनांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पत्र कोणाचे आहे एवढेच सांगून त्या थांबत नाहीत. पत्र कोठून कोठवर आहे, त्याच्या सीमा कोणत्या, हेही त्या सांगतात. फसवणूक बहुधा सीमेवर होते, हे जुन्या चिटणिसांनी ओळखले होते.

ही सीमा मजकुराच्या आतच भेदली गेली तर काय होते, याचे मराठी मनात घर करून राहिलेले उदाहरण म्हणजे ‘ध’ चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरावे अशी रघुनाथरावांची गारद्यांना लेखी आज्ञा होती आणि आनंदीबाईने ‘धरावे’ चे ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. ही आख्यायिका आहे. तिला पुरावा मानता येत नाही. परंतु तिची घडण विचारार्ह आहे. आज्ञा देणारा खरा, त्याची खूण खरी, कागद खरा. आणि कृत्य मात्र आज्ञेबाहेरचे. फसवणुकीसाठी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत ज्या सहजतेने रूढ झाला त्यावरून एवढे नक्की दिसते की, संमतीचे अपहरण ही कल्पना मराठी भाषकांस उपरी नाही.

३. अंगठा

मोर्तब ही राज्यकर्त्यांची आणि कारभाऱ्यांची खूण. रयतेची खूण निराळी : नांगराची निशाणी, आणि पुढे अंगठा. बोटांच्या ठशांच्या शासकीय वापराचा आरंभ सांगताना १८५८ मधील बंगालच्या जंगीपूर येथील प्रसंगाचा उल्लेख केला जातो. तेथील इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. करार करणाऱ्यास मागाहून ‘हा मी केलाच नाही’ असे म्हणता येऊ नये, हा त्यामागील हेतू. म्हणजे ठशाची योजना मुळात कागद धरून ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी झाली. ठसा कोणाच्या शरीराचा आहे हे तो निर्विवाद सांगतो. त्या शरीराच्या धन्याला कागदातील मजकूर कळला होता की नाही, याविषयी तो मौन पाळतो.

या मौनाची किंमत दख्खनच्या शेतकऱ्याने मोजली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या दफ्तरावर, म्हणजे कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले की ते जाळावयाचे, असा त्या उठावाचा सर्वसाधारण क्रम होता. निरक्षर कुणब्याच्या दृष्टीने रोखा हा आपल्याच हाताने केलेला, पण आपल्याला वाचता न येणारा शत्रू होता. त्यात मुद्दल किती लिहिले, व्याज कोणत्या दराने धरले, हे त्याला सावकाराच्या तोंडूनच कळावयाचे. आणि न्यायालयात मात्र तोंडचे शब्द फोल ठरून कागद तेवढा खरा ठरावयाचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. या कायद्याची चर्चा बहुधा व्याज, जप्ती व कर्जदाराची अटक या अंगांनी होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील ग्रामनिबंधकाची तरतूद अधिक महत्त्वाची आहे. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखविला जावा, निशाणी त्याच्यासमोर व्हावी आणि त्याने साक्ष घालावी. तसे न झाल्यास तो दस्त पुराव्यात घेतला जाऊ नये, अशी ती योजना होती. शेतकऱ्याने सावध राहावे, एवढे सांगून कायदा थांबला नाही. कागद आणि अंगठा यांच्यामध्ये त्याने एक वाचणारा आवाज उभा केला. ही योजना अंमलात कितपत यशस्वी झाली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे; तिच्यामागील तत्त्व मात्र असंदिग्ध आहे.

मंठा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा कायदा तेथे लागू नव्हता. तेथील रयतेपुढे आणखी एक अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ पर्यंत कचेरीची प्रमुख भाषा उर्दू राहिली. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी कागदाची लिपी परकी आणि भाषाही परकी. साक्षर मराठी माणूसही त्या कागदापुढे निरक्षराच्या पंक्तीस बसत असे. न कळणाऱ्या मजकुराखाली निशाणी करण्याचा अनुभव मराठवाड्याला संगणकाने प्रथम दिलेला नाही.

४. टिचकी

संगणकाच्या पडद्यावरील टिचकी ही अंगठ्याची वारस होय. तिच्याकडून सही, संमती, पसंती आणि आज्ञा ही चारही कामे करवून घेतली जातात. साहजिकच तिचे अपहरण करण्याची युक्तीही निघाली. तिला ‘क्लिकजॅकिंग’ असे नाव मिळाले. ‘क्लिक’ आणि ‘हायजॅकिंग’ या दोन इंग्रजी शब्दांचा तो सांधा आहे. विमानाचे अपहरण होते तेव्हा वस्तू धन्याच्या ताब्यातून जाते. येथे पळविली जाते ती क्रिया. बोट धन्याचे, हालचाल धन्याची, आणि फळ मात्र दुसऱ्याने योजलेले.

या युक्तीचे तंत्र समजावयास अवघड नाही. वेबपृष्ठाच्या आत दुसरे वेबपृष्ठ चौकटीसारखे बसविता येते, आणि त्या आतल्या पृष्ठाला पूर्णपणे पारदर्शक करता येते. समजा, खाली ‘चित्रफीत पाहा’ असे बटण आहे. त्यावर दुसऱ्या संकेतस्थळाचे अदृश्य पृष्ठ असे बेतून ठेवले की, तेथील ‘लाइक’चे बटण नेमके ‘पाहा’ या अक्षरांवर यावे. वाचक दिसणाऱ्या बटणावर टिचकी मारतो. ती लागते अदृश्य बटणाला. त्या दुसऱ्या संकेतस्थळावर त्याने आधीच प्रवेश केलेला असतो, म्हणून तेथील यंत्राला ही टिचकी खऱ्या धन्याची वाटते. आणि एका अर्थी ती असतेही. काही वेळा घातक स्क्रिप्ट ते अदृश्य बटण दर्शकबाणाच्या पाठोपाठ फिरवीत राहते, म्हणजे वाचकाने पृष्ठावर कोठेही टिचकी मारली तरी ती तेथेच पडावी. एका कागदावर दुसरा कागद ठेवून वरच्यावरील सही खालच्यावर उमटविण्याच्या जुन्या लबाडीचीच ही आवृत्ती. फरक एवढाच की, येथे लबाडीचा कागद वर असतो आणि तो दिसत नाही.

पारदर्शक थराची ही शक्यता २००२ मध्येच नोंदली गेली होती. परंतु तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन या अमेरिकन संशोधकांनी तिला हे नाव दिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथील परिषदेत ते ती मांडणार होते. अ‍ॅडोबी कंपनीच्या फ्लॅश या आज्ञावलीलाही तिचा धोका असल्याने कंपनीच्या विनंतीवरून त्यांनी तपशील काही काळ राखून ठेवला. वाचकाच्या नकळत त्याच्याच टिचक्यांनी त्याचा कॅमेरा आणि ध्वनिग्राहक सुरू करता येतो, हे थोड्याच दिवसांत प्रात्यक्षिकाने सिद्ध झाले.

२०१० पासून फेसबुकवर या युक्तीचा सुळसुळाट झाला आणि ‘लाइकजॅकिंग’ हा पोटभेद प्रचारात आला. धक्कादायक चित्रफितीचे आमिष, तिच्यावर अदृश्य ‘लाइक’, त्या ‘लाइक’ची बातमी मित्रांच्या पानावर, आणि त्या बातमीच्या आधाराने मित्रांची टिचकी, असे हे चक्र होते. चक्राच्या शेवटी जाहिराती किंवा प्रश्नावल्या असत, आणि प्रत्येक भरलेल्या प्रश्नावलीमागे कोणाला तरी दलाली मिळे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुक आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य यांनी अ‍ॅडसेंड मीडिया या कंपनीविरुद्ध अशा व्यवहाराबद्दल दावे दाखल केले. महिन्याला १२ लाख डॉलरपर्यंत प्राप्ती होत असल्याचा आरोप त्यांत होता. पुढे त्याच वर्षी राज्याच्या दाव्यात तडजोड झाली. खेळ म्हणून निघालेली युक्ती तोवर धंदा बनली होती, एवढे या आरोपांवरून ध्यानात येते.

५. प्रसार

अपहृत टिचकीने एका माणसाचे नुकसान होते. तिचा प्रसार झाला म्हणजे मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते, कारण नुकसान झालेला माणूसच पुढील नुकसानीचा वाहक बनतो. या वाहकाची पूर्वपीठिका साखळीपत्रांत सापडते. विसाव्या शतकात देवदेवतांच्या नावाने पोस्टकार्डे येत. इतक्या प्रती लिहून इतरांस पाठविल्यास लाभ, न पाठविल्यास हानी, अशी त्यांची भाषा असे. आमिष आणि धाक ही साखळीपत्राची दोन चाके. तरीही कार्ड विकत घेऊन मजकूर स्वहस्ते उतरविल्याशिवाय साखळी पुढे सरकत नसे. कितीही धाकाने असो, लिहिणाऱ्याची इच्छा तेथे खर्ची पडत होती.

संगणकीय प्रसाराची उदाहरणे कालक्रमाऐवजी या इच्छेच्या मात्रेने लावून पाहिली असता एक उतरती श्रेणी दिसते. पहिली पायरी स्वहस्ते चिकटविलेल्या स्क्रिप्टची. अमुक ओळी नकलून ब्राउझरच्या पत्तापट्टीत चिकटवा म्हणजे तुमचे पान कोण पाहतो ते कळेल, असे सांगितले जाई. त्या ओळी म्हणजेच घातक स्क्रिप्ट असे, आणि ती वाचकाच्या नावाने त्याच्या मित्रांस तोच निरोप धाडी. येथे हात वाचकाचा, पण त्याने चिकटविलेली लिपी त्याला अगम्य. दुसरी पायरी एका टिचकीची. फेब्रुवारी २००९ मध्ये ट्विटरवर ‘टिचकी मारू नका’ अशा अर्थाचा एक इंग्रजी निरोप पसरला. कुतूहलाने तो दुवा उघडून बटण दाबणाऱ्याच्या नावे तोच निरोप आपोआप प्रसिद्ध होई. नकारार्थी आज्ञार्थाचाच येथे आमिष म्हणून उपयोग केलेला होता. तिसरी पायरी केवळ स्पर्शाची. २१ सप्टेंबर २०१० रोजी ट्विटरवर असे निरोप पसरले की, त्यांवरून दर्शकबाण नुसता सरकला तरी स्क्रिप्ट चालू होई.

चौथ्या पायरीवर केवळ दृष्टी पुरे होते. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकर या तरुणाने मायस्पेसवर सोडलेली स्क्रिप्ट त्याचे पान पाहणाऱ्याच्या पानात उतरे आणि तेथून पुढे जाई. सुमारे २० तासांत ती १० लाखांहून अधिक पानांवर पोचली. २५ सप्टेंबर २०१० रोजी ऑर्कटवर तसाच प्रकार घडला. ऑर्कटचे लोक मुख्यतः ब्राझील आणि भारत या दोन देशांतले. तेथे ‘बॉम साबादो’, म्हणजे पोर्तुगीज भाषेत ‘शुभ शनिवार’, हे शब्द वाचकांच्या नावाने त्यांच्या मित्रांच्या पानांवर उमटू लागले. भारतीयांना त्या शब्दांचा अर्थही ठाऊक नव्हता, आणि तरी तो निरोप त्यांच्याच नावावर जात होता. न कळणाऱ्या भाषेतील कागदाखाली केलेल्या निशाणीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ऑर्कट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. प्रसाराची ही रीत मात्र बंद पडली नाही.

एप्रिल २०२१ मध्ये ‘गुलाबी व्हॉट्सअ‍ॅप’ नावाचा दुवा भारतात पसरला. व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा रंग गुलाबी होईल व नव्या सोयी मिळतील, असे त्यात सांगितलेले असे. ती आज्ञावली एकदा फोनमध्ये बसली म्हणजे येणाऱ्या निरोपांना ती आपणहून तोच दुवा उत्तरादाखल पाठवी. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना याविषयी पुन्हा सूचना द्यावी लागली. साखळीपत्राला जी इच्छा लागत होती ती येथे पहिल्या क्षणापुरतीच लागते. पुढील सर्व पत्रे फोन स्वतः लिहितो. घेणाऱ्याला मात्र ती ओळखीच्या माणसाच्या नावाने येतात. म्हणजे अपहरण दुहेरी आहे : एकाची टिचकी आणि दुसऱ्याचा विश्वास.

६. कर्ता कोण?

येथवरच्या विवेचनातून एक व्याकरणाचा प्रश्न उभा राहतो. पाणिनीने क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, असे लक्षण केले. आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यास हेतू ही आणखी एक संज्ञा दिली. मराठीनेही हा भेद राखला आहे. ‘त्याने बटण दाबले’, ‘त्याच्याकडून बटण दाबले गेले’ आणि ‘त्याच्याकडून बटण दाबविले’ या तीन वाक्यांत बोट एकच आहे. जबाबदारी मात्र तीन ठिकाणी आहे. पहिल्यात ती दाबणाऱ्याची, दुसऱ्यात ती अनिश्चित, तिसऱ्यात ती न उच्चारलेल्या प्रयोजकाची.

संगणकाच्या नोंदवहीला हे प्रयोग ठाऊक नाहीत. अमुक खात्यावरून अमुक क्षणी अमुक बटण दाबले गेले, एवढीच नोंद ती ठेवते, आणि ती वाचणारा तिचे भाषांतर पहिल्या वाक्यात करतो. वृत्तपत्रांची भाषाही याहून फारशी निराळी नाही. ‘आमिषाला बळी पडला’, ‘जाळ्यात अडकला’, ‘फसला’ या सर्व वाक्यांत कर्ता आहे तो नुकसान झालेला माणूस. फसविणारा वाक्याबाहेर राहतो. प्रयोजक क्रियापद हाताशी असूनही आपण ते योजीत नाही.

हा भेद केवळ वैयाकरणांच्या कामाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद राहण्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत व्यक्त केले आणि तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ दिले. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. ज्याच्या आधारे अशी कारवाई होत असे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरविले. पालघरचे ‘लाइक’ खरेच दिलेले होते, त्याचे अपहरण झालेले नव्हते. परंतु ज्या काळात एक ‘लाइक’ महाराष्ट्रात अटकेस पुरेसे होत होते त्याच काळात धन्याच्या नकळत ‘लाइक’ उमटविण्याचा धंदा जगभर चालू होता. या दोन घटना शेजारी ठेवल्या असता कर्ता ठरविण्याचा प्रश्न किती गंभीर आहे हे स्पष्ट होते. खुणेला जितके वजन द्यावे तितकी ती कोणी व कशी केली याची तपासणी कडक हवी.

७. उपायांची परंपरा

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीत एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाची सोय आणली. पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली. तिचे काम एका वाक्यात सांगता येते : मला दुसऱ्या पृष्ठाच्या चौकटीत बसवू नये, असे पृष्ठ स्वतःच ब्राउझरला कळविते. पत्राच्या सीमा पत्रावरच नोंदविणाऱ्या मर्यादामुद्रेशी तिचे नाते उघड आहे. पत्तापट्टीत स्क्रिप्ट चिकटविण्याचा मार्गही २०११ च्या सुमारास ब्राउझरांनी अडविण्यास आरंभ केला. क्लिकजॅकिंगचा जोर जो ओसरला त्याचे मोठे श्रेय अशा रचनात्मक बदलांना आहे. वाचक मधल्या काळात अधिक शहाणे झाले असे मानण्यास आधार नाही. पृष्ठे अधिक शहाणी करण्यात आली.

परंतु हिंगोलीच्या पत्रिकेला ही मुद्रा रोखू शकत नाही, कारण ती वेबपृष्ठ नाहीच. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली आज्ञावली फोनमध्ये बसविताना फोन इशारा देतो, परवानग्याही मागतो; आणि नेमक्या त्या ठिकाणी जुनी अडचण पुन्हा उभी राहते. फोनची भाषा मराठी करता येते, हे खरे. परंतु मराठी अक्षरांत लिहिलेला तांत्रिक मजकूर म्हणजे वाचून दाखविलेला रोखा नव्हे. ‘अज्ञात स्रोत’, ‘अ‍ॅक्सेस’, ‘अनुमती’ या शब्दांतून मंठ्याच्या बाजारपेठेतील दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला आपल्या बँकेचा सांकेतिक क्रमांक दुसऱ्याच्या नजरेस पडणार आहे, हे कळत नाही. १८७९ च्या कायद्यातील ग्रामनिबंधक दस्ताचे कलम सांगून थांबावयाचा नव्हता. दस्त वाचून दाखवून मग निशाणी घ्यावयाची होती. ‘ही लग्नपत्रिका नाही. ही आज्ञावली तुमचे सर्व निरोप वाचील आणि तुमच्या नावाने इतरांस निरोप पाठवील,’ एवढी दोन साधी वाक्ये टिचकीपूर्वी ऐकू आली, तर त्या तरतुदीचे तत्त्व फोनमध्ये उतरले असे म्हणता येईल. हे काम तंत्रज्ञांचे आहे तितकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.

कायद्याची बाजू अगदीच रिती नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने आलेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात असलेले कलम ६६ क दुसऱ्याची ओळखखूण लबाडीने वापरणाऱ्यास, आणि कलम ६६ ड संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. पैसे गेल्यावर त्वरित कळविण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठविणे हा त्याचा उद्देश. अर्थात या सर्वांचा उपयोग तक्रार झाली तर. ज्या समाजात ‘तो फसला’ या वाक्याचा ध्वनी ‘तो मूर्ख ठरला’ असा निघतो, तेथे तक्रार करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे होऊन बसते. ज्याच्या नावाने दुवा पुढे गेला त्याला तर नुकसानीबरोबर अपराधाचाही डाग लागतो.

म्हणून फिर्याद लिहून घेताना वापरल्या जाणाऱ्या क्रियापदाला महत्त्व आहे. ‘फिर्यादीने फाइल उघडली’ असे लिहिले की प्रसंगाचा आरंभ फिर्यादीपासून होतो. ‘लग्नपत्रिका असल्याचे भासवून फिर्यादीकडून फाइल उघडविण्यात आली’ असे लिहिले की तो आरंभ त्याच्या योग्य जागी जातो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले तेव्हा आपला अंगठा नाकारण्याचा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. हिंगोलीच्या कर्मचाऱ्याने तक्रार नोंदविली आणि त्यामुळेच ती घटना इतरांस कळून अभ्यासाच्या कक्षेत आली. अशा तक्रारींची भाषा, त्यांतील कर्ता आणि त्यांतील क्रियापदे यांचा पद्धतशीर संग्रह मराठवाड्यातील तालुक्यांतून होणे अगत्याचे आहे. अपहृत संमतीच्या इतिहासाची पुढील साधने तेथेच मिळणार आहेत.